गळती : पाणी शिरते कुठे, पडते कुठे

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



वर्धापनदिनी विहाराचा इतिहास सांगावा, देणगीदारांचे आभार मानावेत अशी रीत आहे. ती दोन्ही कामे आमच्या आधी बोललेल्या मान्यवरांनी उत्तम केली. आम्हाला समितीने दिलेला विषय जरा वेगळा आहे. आपल्या विहाराचा स्लॅब गळत होता. तो नेमका कुठून गळत होता आणि ते कसे सापडले, एवढेच सांगायचे आहे. खर्चाचा हिशेब बाहेर फलकावर लावलेला आहे. पण तो वाचून बऱ्याच जणांनी विचारले की, लाख-दीड लाखाचे काम दोन हजारांच्या आत कसे काय झाले? त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच हे भाषण समजावे.

आधी त्रास काय होता ते नव्या मंडळींसाठी सांगतो. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्याकडे वर्षावास. रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. नेमके याच तीन महिन्यांत मूर्तीच्या पुढे दोन हातांवर, जिथे वाचक बसतो त्याच्या डोक्यावर, पंख्याच्या डब्यातून पाणी टपकायचे. खाली घमेले ठेवायचे, वाचणाऱ्याने सरकून बसायचे, पंखा बंद. घमेल्यातल्या टपटप आवाजाने लहान मुले हसायची आणि वाचणाऱ्याची ओळ चुकायची. एक आजी रोज वर पाहून म्हणायच्या, "पानी येऊन राह्यलं कुठून बाप्पा? वर तं भेग बी दिसत नाई." आजींचे बरोबर होते. गच्चीवर त्या जागेच्या बरोबर वर कोबा अगदी ठणठणीत होता.

पंख्याच्या डब्यात विजेची तार असते. पाणी आणि वीज एका डब्यात, खाली ओल्या फरशीवर अनवाणी बसलेली माणसे. ही नुसती गैरसोय नव्हती. शिवाय ग्रंथांचे कपाट त्याच भिंतीला. दोन पावसाळ्यांत खालच्या खणातली पुस्तके फुगली, काही पाने एकमेकांना चिकटली.

उपाय झाले नव्हते असे नाही. सर्वसाधारण सभेच्या ठरावाप्रमाणे एका ठेकेदाराने सगळ्या गच्चीवर रसायनाचा पांढरा लेप मारून दिला, पाच वर्षांची हमी दिली. पुढच्याच श्रावणात पाणी पुन्हा त्याच डब्यातून. ठेकेदाराचा फोन लागेना. मग सूचना आल्या. कोणी म्हणाले जुना कोबा फोडून नवा टाका, कोणी म्हणाले वरून पूर्ण पत्र्याचे शेड घाला, कोणी तर स्लॅबच उतरवायला निघाले. अंदाजपत्रक आले तेव्हा सभेत शांतता पसरली. आपल्या वस्तीत चार-दोन घरे नोकरदारांची सोडली, तर बाकी सारी रोजमजुरीची, सोयाबीन-कापसाच्या दिवसांवर चालणारी. दर घरामागे वर्गणी ठरली असती तर ती कोणीही नाकारली नसती, हे आम्हाला ठाऊक आहे. विहाराचे म्हटले की आपला माणूस पोटाला चिमटा घेऊन देतो. म्हणूनच घाई नको असे काहींचे मत पडले. शेवटी समितीने आम्हा चौघांना सांगितले की, एक पावसाळा द्या, पाणी शिरते कुठून ते शोधा, मग पैसे काढू.

शोधायला लागण्यापूर्वी पाण्याची चाल समजून घेणे भाग होते, म्हणून थोडे त्याविषयी.

साठीच्या पुढच्या मंडळींना धाब्याची घरे आठवत असतील. लाकडी सरे, त्यावर फळ्या नाहीतर काटक्या, त्यावर पाला आणि वर मातीचा जाड थर. मृग लागायच्या आधी धाब्यावर माती टाकून चोपायची. तरी गळायचेच. मग आतून बाई काठीने छत ठोकून "इथं इथं" म्हणायची आणि वरून गडी तेवढीच जागा पायाने दाबायचा. बहुधा गळती थांबायची. कारण मातीत पाणी बरेचसे सरळ खाली उतरते. आपल्या मनात अजून तेच धाबे बसलेले आहे. म्हणून स्लॅब गळला की आपण वर जाऊन बरोबर त्याच जागी सिमेंट फासतो.

स्लॅबचे तसे नाही. स्लॅब आणि कोबा हे दोन वेगळे थर असतात. कोब्याच्या एखाद्या बारीक भेगेतून पाणी शिरले की ते दोन्ही थरांच्या मधे पसरते, स्लॅबच्या ढाळाने सरकत जाते, आणि जिथे स्लॅब कच्चा राहिला असेल तिथून खाली येते. स्लॅब एका दिवसात ओतून झाला नसेल तर काल-आजचा सांधा हीदेखील पाण्याची वाट. आणि सर्वांत सोपी वाट म्हणजे स्लॅब टाकतानाच त्यात घातलेले विजेचे पाइप. ही तर पाण्यासाठी आयती मोरी. एका टोकाला शिरलेले पाणी वीस-पंचवीस फूट आत जाऊन पंख्याच्या डब्यात निघते. म्हणजे टपकते तिथे फक्त पाण्याचे शेवटचे टोक असते.

आपल्या जिल्ह्याला हे नवे नसावे. लोणारचे सरोवर ज्यांनी पाहिले असेल त्यांनी काठावरची धारही पाहिली असेल. सरोवराचे पाणी खारट, क्षारांनी भरलेले. धारेचे पाणी गोडे. हे गोडे पाणी काही त्या जागी जन्माला येत नाही. आपल्या काळ्या पाषाणाचे थर असतात, त्यांना उभ्या भेगा असतात. पावसाचे पाणी भेगांतून खाली उतरते, मधे घट्ट थर लागला की आडवे सरकते आणि कडा फुटेल तिथे बाहेर पडते. पाऊस कुठे पडला आणि पाणी कुठे निघाले, यात केवढे तरी अंतर.

हाच पाषाण पुढे अजिंठ्यात आहे. आपण घाटावरचे लोक ज्या डोंगरावर राहतो त्या रांगेचे नावच अजिंठ्याची रांग. तेव्हा तिथल्या लेण्यांची गळती ही एका अर्थाने आपल्याच डोंगराची गळती. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली, तेव्हापासून चित्रे कशी वाचवायची हा प्रश्न सुरू आहे. ती चित्रे माती, तूस, तंतू यांच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन काढलेली आहेत. गिलाव्याच्या मागून ओल आली की गिलावाच भिंत सोडतो. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून जाणकार बोलावले. त्यांनी सुटलेला गिलावा परत पक्का केला हे त्यांचे मोठे काम. पण चित्रांवर जो लाखेचा लेप दिला तो पुढे पिवळा पडला, काळवंडला आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो उतरवण्यात वर्षानुवर्षे घालवावी लागली. पाण्याचा बंदोबस्त मात्र वरच करावा लागतो. डोंगराच्या माथ्यावरचे पाणी वळवणे, भेगा बुजवणे, ही कामे लेण्यांच्या आत होत नाहीत. पर्यटकाला ती दिसतही नाहीत.

त्याहूनही आम्हाला आवडलेले उदाहरण पितळखोऱ्याचे. कन्नडजवळची ही लेणी अजिंठ्याच्या सुरुवातीच्या लेण्यांइतकीच जुनी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथला खडक ठिसूळ. पुढचे बरेच भाग कोसळून गेले आहेत. पुरातत्त्व खात्याचे म. न. देशपांडे यांनी १९५९ साली या लेण्यांवर सविस्तर लिहिले. तिथल्या चौथ्या लेण्याच्या दाराशी पाच फण्यांचा नाग कोरलेला आहे. त्या फण्यांना भोके आहेत. आत खडकातून झिरपणारे पाणी कोरलेल्या पन्हाळीने आणून या नागाच्या फण्यांतून बाहेर सोडायची ती योजना होती. विचार करा, दोन हजार वर्षांपूर्वी छिन्नी-हातोडीने काम करणाऱ्या माणसांनी पाणी कुठून येते ते शोधले, ते थांबणारे नाही हे ओळखले, आणि मग त्याला वाट करून दिली, तीही सुंदर. आपला ठेकेदार पांढरा लेप मारून गेला!

भिक्खूसंघात बांधकाम-दुरुस्तीवर देखरेख करणाऱ्या भिक्खूला नवकम्मिक म्हणत, असे भन्तेजींनी आम्हाला सांगितले. म्हणजे छप्पर पाहणे हे काम तेव्हाही कमीपणाचे नव्हते. धम्मपदात गळक्या छपराचा दृष्टांत आहे आणि नावेतले पाणी उपसण्याचाही आहे. त्यांचा अर्थ भन्तेजी सांगतील, तो आमचा अधिकार नाही. पण नावेचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगतो. ती आम्हाला शोधात फार उपयोगी पडली.

घर गळाले तर माणूस भिजतो, नाव गळाली तर बुडतो. म्हणून गळती शोधण्याची विद्या खरी दर्यावर्दी लोकांची. २००९-१० मध्ये नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. तसे करणारे ते पहिले भारतीय. त्यांची 'म्हादेई' गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेली. अशा प्रवासात भर समुद्रात कोणता मिस्त्री बोलावणार? म्हणून शिडाच्या नौकेवर वावरणाऱ्या माणसाला काही सवयी लागतात. तळाशी पाणी दिसले की तो आधी त्यात बोट बुडवून चव पाहतो. खारट असेल तर समुद्राचे, म्हणजे बुडाकडून किंवा बाजूने आलेले. गोडे असेल तर पावसाचे, नाहीतर पिण्याच्या टाकीचे. एका थेंबात निम्मा शोध संपला. मग तळ पूर्ण कोरडा पुसून घ्यायचा, ओलीच्या कडेला खडूने रेघ मारायची आणि वाट पाहायची. रेघ कोणत्या बाजूने आधी भिजते, तिकडून पाणी.

आणि जुन्या नौकांचा अनुभव असा की, मूळ फळ्यांपेक्षा नंतर ठोकलेल्या वस्तूच जास्त गळतात. कठड्याचा खांब, दोर बांधायची खुंटी, खिडकीची चौकट. बांधणाऱ्याने नाव पक्की बांधलेली असते. नंतर प्रत्येक जण सोयीसाठी एक भोक पाडतो. पाणी त्या भोकातून शिरते, लाकडाच्या आतल्या अंगाने धावत जाते आणि दहा फुटांवर कोणाच्या तरी अंथरुणावर पडते. शोधणारा अंथरुणाच्या वरची फळी तपासत बसतो.

हे आम्ही गच्चीवर उभे राहून एकमेकांना सांगितले, तेव्हा चौघांच्याही नजरा एकाच कोपऱ्याकडे गेल्या आणि चौघेही गप्प बसले. का ते पुढे सांगतो.

आधी वहीविषयी. गळती ही पावसात होते आणि मिस्त्री येतो उघडीप पडल्यावर. म्हणून गळती चालू असताना कोणी तरी नोंद ठेवली पाहिजे. हे काम वस्तीतल्या दहावीच्या एका मुलीने आनंदाने घेतले. वाचनाला ती रोज येतेच. शंभर पानी वही, त्यात रकाने आखले. तारीख, पाऊस कधी लागला, रिमझिम की जोराचा, वारा कुठला, डब्यातून पहिला थेंब कधी, शेवटचा कधी. काही दिवस कोणाला त्यात काही दिसेना. मग हळूहळू दिसायला लागले.

पहिली गोष्ट, दिवसभराच्या रिमझिमीत एकही थेंब नाही. लेपाला भेग असती तर रिमझिमीतही पाणी मुरायला हवे होते, उलट जास्तच. दुसरी गोष्ट, जोराचा पाऊस लागल्यावर लगेच नाही, अर्ध्या-पाऊण तासाने पहिला थेंब यायचा. आणि पाऊस थांबल्यावरही बराच वेळ चालायचे. तिसरी गोष्ट तिनेच पकडली. एका रविवारी युवकांनी श्रमदानात गच्ची झाडली. त्याच रात्री आभाळ फाटल्यासारखा पाऊस. डबा कोरडा! पुढच्या आठवड्यात त्याच्या निम्माही पाऊस नव्हता, तरी घमेले भरले. तिने वहीत बाजूला लिहिले होते, "गच्ची झाडली होती म्हणून?" आम्हा मोठ्या माणसांच्या लक्षात ते आले नव्हते.

गच्चीवर कचरा कशाचा, तर आपल्या बोधिवृक्षाचा. पिंपळ आता विहाराच्या वर गेला आहे. त्याची पाने वाऱ्याने ईशान्येच्या कोपऱ्यात जमतात आणि तिथेच पावसाळी पाइपची जाळी आहे. पाने जाळीवर बसली की पाणी तुंबते. थोडा पाऊस असला तर ते हळूहळू निघून जाते. मोठा असला तर त्या कोपऱ्यात तळे होते. म्हणजे पाणी नुसते पडून गळत नव्हते, ते एका उंचीपर्यंत चढल्यावर गळत होते. तेवढ्या उंचीवर काहीतरी उघडे होते.

आणि त्या कोपऱ्यात होता आपला ध्वजस्तंभ.

आता आम्ही गप्प का बसलो ते समजले असेल. विहार बांधून झाल्यावर काही वर्षांनी, वस्तीतल्या एका कुटुंबाने आपल्या आजोबांच्या स्मरणार्थ तो स्तंभ दिला. आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा घ्यायला गेलेले. स्तंभाच्या बुंध्याशी विटांचा छोटा ओटा, वर गुळगुळीत प्लास्टर, त्यावर आजोबांचे नाव. पंचशील ध्वज तिथे फडकतो, चौदा एप्रिलला आणि बुद्ध पौर्णिमेला ओट्यावर फुले वाहतात. गळतीवर इतक्या सभा झाल्या, इतके मिस्त्री वर जाऊन आले, पण ओट्याला कोणी हात लावला नाही. ठेकेदाराने लेपसुद्धा ओट्याच्या कडेपर्यंतच आणून सोडला. आदर होता म्हणूनच संशय घ्यायला जीभ रेटत नव्हती.

तरी नुसत्या संशयावर स्मारकाचा ओटा फोडणे आम्हाला मान्य नव्हते. कालाम सुत्त आपण विहारात इतके वेळा ऐकतो. अमका म्हणतो म्हणून मानायचे नाही, हे ठेकेदाराला जसे लागू तसे आमच्या अंदाजालाही लागू. मग परीक्षा ठरली.

इथे जरा सावधगिरीचे सांगतो, कारण घरी कोणी करायला जाईल. गच्चीवर पाणी अडवून पाहणे ही मिस्त्री लोकांची जुनी पद्धत आहे. पण जुन्या स्लॅबवर सगळीकडे पाणी भरू नये. शंभर चौरस फुटांवर दोन इंच पाणी म्हणजे पावणेपाचशे लिटर, तेवढेच किलो. नऊशे फुटांची गच्ची भरली तर सव्वाचार टन वजन होते. सळया गंजलेल्या असतील तर ते वजन कोणाच्या डोक्यावर येईल सांगता येत नाही. म्हणून काळ्या मातीचे छोटे बांध घालून एका वेळी एकच तुकडा घ्यावा. आणि एका दिवशी एकच जागा. दोन जागा एकदम भिजवल्या आणि खाली थेंब आला, तर कोणत्या जागेचा हे कसे कळणार?

आम्ही उघडीप पाहून तीन रविवार घेतले. पहिल्या रविवारी मधला भाग, जिथे खाली डबा आहे. पाच तास पाणी, खाली काही नाही. दुसऱ्या रविवारी इतर तीन कोपरे, एकामागून एक. काही नाही. तिसऱ्या रविवारी ध्वजाचा कोपरा. मेन स्विच बंद केला, पंखा उतरवला, डब्याचे झाकण काढले. जाळीवर पोत्याचा बोळा बसवला, बांध घातला आणि पाण्यात कपड्यांची नीळ कालवली. निळीचे कारण एवढेच की आलेला थेंब याच पाण्याचा, की आधी मुरलेल्या पाण्याचा, हे रंगावरून कळावे. निळे पाणी पाहून मुलांना काय आनंद झाला सांगता सोय नाही.

एक बोट पाणी, अर्धा तास, काही नाही. दोन बोटे, काही नाही. तीन बोटांवर आमच्यातला एक जण म्हणाला, चला, ध्वज सुटला. चार बोटे झाली आणि अकराव्या मिनिटाला खालून पोरांचा गलका झाला, "निळं आलं, निळं आलं!"

त्या संध्याकाळी आम्ही त्या कुटुंबाकडे गेलो. कसे बोलावे हे वाटेत ठरवत होतो. घरातल्या आजी, म्हणजे ज्यांच्या नावाचा ओटा त्यांच्या सूनबाई, आता त्यांनाही सत्तरी आली. त्यांनी सगळे ऐकून घेतले, वही मागवून घेतली, नातीकडून वाचून घेतली. मग म्हणाल्या, "मामंजीच्या नावाखालून पानी जाते आन् भगवंतापुढं गळते, हे मले आधी काऊन नाई सांगतलं? फोडा ओटा. झेंडा तेवढा उतरू नका." घरातल्या एका तरुणाला ते पटले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. तो म्हणाला की दोष बांधणाऱ्याचा, नाव मात्र आमच्या आजोबांचे चर्चेत येणार. त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. म्हणून हे आज सगळ्यांसमोर सांगताना आम्ही त्या कुटुंबाची परवानगी घेतली आहे, आणि नाव कुठेही घेत नाही.

ओटा फोडल्यावर कोडे दोन मिनिटांत सुटले. स्तंभावर दिवा आणि भोंगा लावायचा म्हणून त्या वेळी तार नेली होती. स्लॅबमधल्या पाइपचे तोंड कोपऱ्यात वर काढून ठेवलेले होते, गच्चीपासून चार बोटे उंच. मूळ बांधणाऱ्याने ते तात्पुरते ठेवले असावे. त्याच तोंडातून तार घालून, तोंड तसेच उघडे ठेवून, वरून विटांचा ओटा बांधला. ओट्याच्या बुडाशी प्लास्टर आणि कोबा यांच्या मधे बोटभर फट होती. तुंबलेले पाणी फटीतून आत, चार बोटे चढले की पाइपच्या तोंडात, आणि तिथून थेट मूर्तीपुढच्या पंख्याच्या डब्यात. कोबा चांगला, स्लॅब चांगला, लेपही कदाचित चांगला असेल. पाण्याला त्यांच्याशी काही कामच नव्हते.

दुरुस्तीही साधीच. ती जुनी तार काढून टाकली. पाइपच्या तोंडाला आतून बोळा, वर टोपी, वर सिमेंट. दिव्याची तार आता भिंतीच्या बाहेरून वर नेली आहे आणि आत शिरण्याआधी तिला खाली लोंबता झोल दिला आहे, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोलावरून खाली गळून पडते, आत जात नाही. कठड्याच्या बुडाशी सगळीकडे गोल वाटा भरून घेतला. जाळी सपाट होती, ती काढून घुमटासारखी उंच जाळी बसवली. तिच्यावर पाने बसली तरी बाजूंनी पाणी जाते. ओटा पुन्हा बांधला, गच्चीपासून वर उचलून, खालून पाणी मोकळे वाहील असा. आजोबांच्या नावाची पाटी तीच. मजुरी आपल्याच मिस्त्री भावांनी घेतली नाही, म्हणून खर्च दोन हजारांच्या आत राहिला. पंख्याचा डबा आणि त्या भागातली वायर परवानाधारक वायरमनकडून बदलून घेतली. पुढचा पूर्ण पावसाळा घमेले ओट्याखाली पालथे पडून होते.

आता तुमच्या घरांविषयी थोडे. कारण भाषण ठरल्याचे कळल्यापासून निम्मी वस्ती आमच्याकडे आपापली गळती घेऊन येते आहे.

ज्यांची रमाई घरकुलाची नवी घरे आहेत त्यांनी गच्चीवर नंतर काय काय बसवले त्याची आठवण करावी. छत्रीचा स्टँड, टाकीचे पाय, कपड्यांच्या दोरीचा खिळा, मांडवाची भोके. गळती तिथून सुरू होण्याचा संभव जास्त. पावसाळ्यातही आणि उन्हाळ्यातही तेवढेच गळत असेल तर ते पावसाचे पाणी नाहीच, टाकीचे किंवा नळाचे आहे. नळाचा मुख्य कॉक रात्रभर बंद ठेवून पाहावे. पत्र्याच्या घरात स्क्रू पत्र्याच्या उंच वळीवर आहे की खोलगट वळीत, ते बघावे. खोलगटात मारलेला असेल तर त्याच्यावरून पाणी वाहणारच, वायसर किती दिवस पुरेल? भिंत जमिनीपासून गुडघा-मांडीपर्यंतच ओली असेल आणि वर कोरडी असेल, लोणा लागत असेल, तर ओल पायातून चढते आहे; छपरावर खर्च करू नये. आणि भिंतीची ओल आतून येते की घरातल्या वाफेने धरते, हे पाहायचे असेल तर हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. कागदाच्या मागे थेंब आले तर भिंतीतून, पुढच्या अंगावर आले तर घरातल्या हवेतून. एका ताईंच्या घरी असे करून पाहिले, तर निघाले कूलरचे पाणी! कूलरचा स्टँड भिंतीला टेकलेला होता.

स्लॅबचे पापुद्रे पडत असतील, सळई दिसत असेल, तर मात्र वही-नीळ करत बसू नये. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि सिमेंट फोडून बाहेर येतो. तिथे लहान मुलांना झोपवू नये आणि जाणकार इंजिनीअरला आधी दाखवावे.

विहाराचे सगळे काम झाले असे मात्र नाही. उत्तरेच्या भिंतीला, ग्रंथकपाटाच्या मागे, अजून ओल येते. तिचा ध्वजस्तंभाशी संबंध नाही, कारण ती उन्हाळ्यातही पुरती वाळत नाही. शेजारच्या नालीचा संशय आहे, पण अजून परीक्षा झालेली नाही, म्हणून खात्रीने काही सांगत नाही. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढले आहे, ते कोणी परत मागे सरकवू नये. भिंतीवर खडूच्या रेघा आहेत, प्रत्येक रेघेपाशी तारीख आहे. दिवाळीच्या साफसफाईत त्या पुसू नयेत ही महिला मंडळाला विनंती. वही कपाटाच्या वरच्या खणात दोरीने बांधून ठेवली आहे. पेन मात्र कोणी तरी घेऊन गेले आहे, ते आणून द्यावे.

जयभीम.